फिरणारा कॅमेरा लावताय? आधी तो कुठे बघत नाही ते बघा

परवाच्या व्हिडिओत ऑटो ट्रॅकिंगचा कॅमेरा हातात धरून दाखवला, पण सेटिंगचा भाग घाईत उरकला. तो इथे सविस्तर लिहितो. व्हिडिओ बघितला नसेल तरी काही अडणार नाही. आणि तुम्ही दुकानदार असा किंवा कॅमेरे बसवायचा धंदा सुरू करणार असा, दोघांच्याही कामाचं आहे.

आधी एक किस्सा. लालबागला एका ओळखीच्यांचं फरसाणाचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या आधी त्यांनी दरवाजावर आतल्या बाजूने फिरणारा कॅमेरा बसवून घेतला. माणूस दिसला की त्याच्या मागे मान वळवतो तो. बसवणाऱ्याने ॲपमध्ये ट्रॅकिंग चालू करून दिलं, पैसे घेतले, गेला. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी रात्री गल्ला जुळेना. साडेनऊ हजार कमी. काउंटरला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता. मालकांनी मोबाइल काढला, संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावलं. सात ते आठ या वेळात कॅमेरा काय बघत होता? रस्ता. दर्शनाला जाणारी माणसं. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की फुगेवाला. गल्ला मधेच दोन-चार सेकंद दिसायचा, परत गायब.

पोराला कोणी चोर म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याला काउंटरवरून काढून मागे पॅकिंगला बसवलं. चार दिवसांनी तो गावी निघून गेला. विसर्जन झाल्यावर तेलवाला बिलाला आला, तेव्हा त्याने स्वतःहूनच साडेनऊ हजार वजा केले. त्या संध्याकाळी मालकांच्या वडिलांनी गल्ल्यातून काढून दिले होते आणि गर्दीत वहीत लिहायचे राहिले होते. पोराला फोन केला, पण तो काही परत आला नाही.

मालक मला म्हणाले, "सर, कॅमेरा तर चालू होता ना?"

होता. आणि त्याला जे सांगितलं होतं तेच तो करत होता.

तर बघा, फिरणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल पहिली गोष्ट समजून घ्यायची ती हीच. बॉक्सवर लिहिलेलं असतं की तो चारी बाजूंना बघतो. बघतो, पण एका वेळी एकाच बाजूला. तो दरवाजाकडे वळला की त्या क्षणी गल्ला उघडा पडतो. त्यामुळे माझा नियम सोपा आहे: जिथे तुमचे पैसे आहेत तिथे स्थिर कॅमेरा, आणि तो आधी. फिरणारा नंतर, आणि तोही गरज असली तरच.

गरज आहे का, याचा हिशोब करता येतो. समोरच्या माणसाचा चेहरा अनोळखी माणसालाही ओळखता यावा, यासाठी कॅमेऱ्याच्या जगात एक माप वापरतात: एक मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी असते १९२० पिक्सेल. म्हणजे साडेसात मीटर रुंद जागेपर्यंत तो कॅमेरा चेहरा देऊ शकतो. आता आपल्या गिरगावातला, परळमधला गाळा केवढा? दहा फूट रुंद, फार तर बारा. म्हणजे तीन-साडेतीन मीटर. तिथे एक साधा स्थिर कॅमेरा नीट कोपऱ्यात लावला की मीटरला पाचशेच्या वर पिक्सेल मिळतात. मग त्या गाळ्यात मान वळवणारा कॅमेरा कशाला हवा? वळायला जागा तरी आहे का? पण विकणारा हे सांगत नाही, कारण फिरणारा कॅमेरा दुकानात डेमोला फार छान दिसतो. गिऱ्हाईक चालतं, कॅमेरा मागे बघतो, गिऱ्हाईक खूश.

मग तो उपयोगी कुठे? जागा मोठी, माणसं कमी, आणि माणूस दिसणं हीच बातमी, अशा ठिकाणी. रात्रीचं गोदाम. इमारतीचं कंपाउंड. गच्ची. परळ-लालबागकडचे मूर्तींचे कारखाने घ्या. दिवसा तिथे दहा कारागीर, रात्री एखादा झोपलेला, आणि पंधरा-वीस फुटांची शेड मूर्तींनी भरलेली. मध्यरात्री आत कोणी शिरलं तर तो कुठून कुठे गेला हे स्थिर कॅमेऱ्यात तुटक दिसेल, फिरणारा त्याच्या मागे जाईल. याउलट दादरचं फूल मार्केट. पहाटे पाय ठेवायला जागा नसते. तिथे ट्रॅकिंग लावलं तर कॅमेरा वेडा होईल. दर सेकंदाला नवा माणूस, मोटर दिवसभर गरगर, आणि रेकॉर्डिंगमध्ये कोणाचाच चेहरा धड नाही. मोटर झिजते ते वेगळंच.

कोणी म्हणेल, मुंबई पोलिसांकडे पण फिरणारे कॅमेरे आहेत की! आहेत. २६/११ नंतर शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं उभारायचं ठरलं, ऑक्टोबर २०१६ मध्ये ते सुरू झालं, दीड हजारांवर ठिकाणी मिळून सुमारे ४७०० कॅमेरे. त्यात स्थिर आहेत आणि फिरणारेही. पण तिथे नियंत्रण कक्षात पडद्यासमोर माणूस बसलेला असतो. काही संशयास्पद दिसलं तर तो कॅमेरा वळवतो, झूम करतो, काम झालं की परत जागेवर आणतो. तुमच्या दुकानात असा माणूस नाही. तुमच्याकडे हा निर्णय कॅमेऱ्यातली चिप घेणार आहे. म्हणून तिला आधीच नीट सांगून ठेवावं लागतं.

ती चिप विचार कसा करते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे सेटिंग पाठ करायला लागणार नाही.

साधी पद्धत अशी: कॅमेरा आत्ताचं चित्र आणि क्षणापूर्वीचं चित्र शेजारी ठेवतो. जिथले पिक्सेल बदलले, तिथे हालचाल. त्या भागाला मध्यभागी आणायला मोटर फिरते. आता या पद्धतीला माणूस, मांजर, पंखा, टांगलेली साडी, देवासमोरचा दिवा सगळं सारखंच. घुशी तर आपल्याकडे रात्रभर ड्युटीवर. शिवाय गंमत अशी की कॅमेरा स्वतः वळला की सगळंच चित्र बदलतं, म्हणजे सगळीकडेच हालचाल! म्हणून तो वळतो, थांबतो, परत बघतो, परत वळतो. माणूस भरभर चालला तर या थांबण्यात तो निसटतो.

दुसरी पद्धत माणूस ओळखण्याची. ॲपमध्ये ह्यूमन डिटेक्शन किंवा पर्सन डिटेक्शन असं लिहिलेलं असतं. चिपला माणसाचा आकार शिकवलेला असतो, ती त्याच्याभोवती चौकोन आखते आणि चौकोनाच्या मागे जाते. मांजर, पंखा यांचा त्रास बराच कमी होतो. बंद होत नाही. एका मूर्तीच्या कारखान्यात आम्ही हे लावलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर कॅमेरा रात्रभर एकाच मूर्तीकडे टक लावून! मूर्तीवर पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद टाकला होता, तो वाऱ्याने हलत होता. आकार माणसासारखा, वर हालचाल. बाप्पाला चोर समजून बसला बिचारा. कागद सुतळीने बांधला, प्रश्न मिटला.

आणि दोन माणसं एकदम आली तर? काही कॅमेरे पहिल्याला धरतात, काही मोठा दिसणाऱ्याला, काही दोघांत गोंधळतात. कंपनीप्रमाणे फरक आहे. म्हणजे एकाने कॅमेऱ्याला फिरवत ठेवायचं आणि दुसऱ्याने काम साधायचं, हे जमू शकतं. पुन्हा तेच, गल्ल्यावर स्थिर कॅमेरा पाहिजे.

चला, आता लावायला घेऊ.

उंची आठ-नऊ फूट. त्याहून वर गेलात तर चेहऱ्याऐवजी टक्कल आणि टोप्या रेकॉर्ड होतात. जागा कोपऱ्यातली घ्या. उघड्या शटरकडे तोंड नको, कारण दुपारच्या उन्हात माणूस नुसता काळा ठिपका दिसतो. काचेच्या आडून रात्री बघायला लावू नका. रात्रीसाठी कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, तो काचेवर आपटून परत येतो आणि चित्र पांढरं होतं. कोळ्याच्या जाळ्याचंही तसंच. कॅमेऱ्यासमोरचा एक धागा त्या प्रकाशात चमकतो, हलतो, आणि रात्रभर नोटिफिकेशन येत राहतात. महिन्यातून एकदा फडकं मारायचं, बस.

मग होम पोझिशन. काही ॲपमध्ये प्रीसेट म्हणतात. कोणी दिसत नसताना कॅमेऱ्याने कुठे बघत बसायचं ते ठिकाण. कॅमेरा हाताने धरून वळवू नका, ॲपमधल्या बाणांनीच वळवा, नाहीतर गिअर खराब होतो. ठिकाण ठरलं की सेव्ह करा, आणि त्याच्या जोडीचं सेटिंग शोधा: हालचाल संपल्यावर किती वेळाने परत यायचं. मी ३० सेकंद ठेवतो. हे सेटिंग सगळ्या स्वस्त कॅमेऱ्यांत नसतं! नसेल तर शेवटचा माणूस जिथे दिसेनासा झाला, तिथल्या भिंतीकडे कॅमेरा सकाळपर्यंत बघत बसतो. म्हणून विकत घेतानाच पहिला प्रश्न हा विचारा, मेगापिक्सेलचा नंतर. लाईट जाऊन आल्यावर तो होमला येतो का, हेही प्लग काढून, परत लावून बघा.

त्यानंतर झोन. चित्रावर बोटाने चौकोन आखून सांगता येतं की इथली हालचाल मोजायची, बाहेरची नाही. रस्ता चौकोनाबाहेर ठेवायचा. पण इथे एक मेख आहे, आणि लालबागच्या दुकानात नेमकं हेच झालं होतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा चौकोन होम पोझिशनच्या चित्रावर आखलेला असतो. पाठलाग कधी सुरू करायचा एवढंच तो ठरवतो. एकदा मान वळली की चित्रच बदललं, चौकोनाला अर्थ उरला नाही. गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडलं, कॅमेरा त्याच्या मागे रस्त्यावर गेला, आणि तिथे त्याला दुसरी पन्नास माणसं सापडली. यावर उपाय झोनमध्ये नाही, दोन ठिकाणी आहे. एक, वळण्याची मर्यादा घालता येत असेल तर घाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला तो वळूच शकणार नाही. ती सोय नसेल तर कॅमेराच अशा भिंतीवर लावा की रस्ता त्याच्या पाठीमागे येईल.

दुसरा उपाय, वेळापत्रक. दुकान उघडं असताना ट्रॅकिंग बंद, कॅमेरा होमला गप्प. शटर पडलं की ट्रॅकिंग चालू. बहुतेक ॲपमध्ये शेड्यूल असतं. ट्रॅकिंगचं वेगळं शेड्यूल नसेल तर रात्री दुकान वाढवताना हाताने चालू करायची सवय लावा, जशी कुलूप ओढून बघायची असते.

सेन्सिटिव्हिटी मधे ठेवा आणि दोन रात्री बघून वर-खाली करा. यात फार वेळ घालवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालून बघणं. शटर खाली, लाईट बंद, आणि तुम्ही स्वतः दुकानात चोरासारखे फिरा. हळू चाला, मग भरभर, मग वाका, मग पोटमाळ्यावर चढा. मग दोघं मिळून वेगवेगळ्या दिशांना जा. बाहेर येऊन रेकॉर्डिंग बघा. कुठे सुटलात ते लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. ज्यांनी कॅमेरे बसवायचा धंदा करायचं ठरवलंय, त्यांनी हे गिऱ्हाइकाला बरोबर घेऊन करा. आपल्या कॅमेऱ्याला काय दिसत नाही हे गिऱ्हाइकाने स्वतः बघितलेलं असलं की नंतर "तुम्ही सांगितलं नव्हतं" असं ऐकावं लागत नाही. भेटीचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहा. लाजू नका. कॅमेरा तर गिऱ्हाईक ऑनलाइनही मागवू शकतं, तुमचं काम नेमकं हे दहा मिनिटांचं आहे.

रेकॉर्डिंग किती दिवस राहील, हाही प्रश्न नेहमी येतो. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. १२८ जीबीचं कार्ड सतत रेकॉर्डिंगला पाचेक दिवसांत भरतं आणि जुनं पुसून नवं लिहू लागतं. फक्त हालचालीवर रेकॉर्ड केलं तर जास्त दिवस चालतं, पण गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याला मी सतत रेकॉर्डिंगच ठेवायला सांगतो. पैसे कमी पडल्याचं आपल्याला त्याच दिवशी कळतं असं नाही. तेलवाला आठवत असेल. चार कॅमेरे असतील तर रेकॉर्डर आणि १ टीबीची हार्ड डिस्क घ्या, अकरा-बारा दिवस मिळतील. कार्ड घेताना कॅमेऱ्यासाठी बनवलेलं, हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या. मोबाइलचं जुनं कार्ड सारखं लिहून-पुसून लवकर मरतं, आणि मेलेलं कळतं ते नेमकं गरजेच्या दिवशी.

रेकॉर्डर एका कंपनीचा आणि कॅमेरा दुसऱ्याचा असेल तर दोघांवर ऑनव्हिफ लिहिलेलं आहे का बघा. चित्र दिसेल, बाणांनी फिरवताही येईल. ट्रॅकिंगची सेटिंग मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमध्येच जाऊन करावी लागते, रेकॉर्डरवर शोधत बसू नका. कॉम्प्युटरची आवड असणाऱ्यांसाठी फ्रिगेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते कॉम्प्युटरवर माणूस ओळखून ऑनव्हिफमधून कॅमेरा वळवतं. पण प्रत्येक फिरणारा कॅमेरा त्याला साथ देत नाही, आधी यादी बघा. गिऱ्हाइकाच्या दुकानात हे प्रयोग करू नका.

बजेट थोडं वाढवता येत असेल तर दोन लेन्सचे कॅमेरे मिळतात. एक लेन्स स्थिर, सगळी जागा बघणारी, दुसरी फिरणारी. माझ्या मते दुकानासाठी ट्रॅकिंग हवंच असेल तर पैसे यात घाला.

आता शेजाऱ्यांचा विषय, कारण आपल्याकडे भिंतीला भिंत आहे. गिरगावात चाळीत घरून मसाले, डबे, शिवणकाम करणाऱ्या बऱ्याच ताई मला भेटतात. माल बाहेर गॅलरीत ठेवावा लागतो, म्हणून कॅमेरा हवा. गॅलरी सगळ्यांची असते. फिरणारा कॅमेरा लावला तर शेजारच्या काकू पाण्याला बाहेर आल्या की तो त्यांच्या मागे त्यांच्या दारापर्यंत जाणार. भांडण ठरलेलं, आणि काकूंचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही. तिथे स्थिर कॅमेरा, आपल्या दाराकडे आणि आपल्या मालाकडे तोंड करून. लावायच्या आधी मजल्यावर सगळ्यांना मोबाइलवर चित्र दाखवा.

कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम असेल तर तिच्याकडे वळू शकेल असा कॅमेरा लावूच नका. "आत्ता तिकडे तोंड नाहीये" हे उत्तर कोणी मानणार नाही. प्रायव्हसी मास्क म्हणून चित्राचा भाग काळा करायची सोय असते, पण कॅमेरा वळल्यावर काळा भाग बरोबर सरकतो की तिथेच राहतो, ते प्रत्येक मॉडेलमध्ये तपासावं लागतं. त्यापेक्षा स्थिर कॅमेरा बरा. चोरून चित्रीकरण हा गुन्हा आहे, आणि एकदा दुकानाचं नाव त्यात आलं की नंतर खुलासे करून उपयोग नसतो.

पासवर्डचंही सांगतो. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पडल्या होत्या. हल्ला करायला वापरलेली यंत्रं कोणती? लोकांच्या घरादुकानातले इंटरनेट कॅमेरे आणि रेकॉर्डर. मिराई नावाचा व्हायरस कंपनीने दिलेले साठेक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचा, आणि लोकांनी ते बदललेलेच नसायचे. तेव्हा पासवर्ड बदला, दुकानदाराच्या समोर, त्याच्याच मोबाइलवरून, त्याच्याच ईमेलने. बसवणाऱ्याच्या अकाउंटवर गिऱ्हाइकाचा कॅमेरा ठेवू नका. उद्या तुम्ही फोन उचलला नाही तर तो स्वतःचं दुकान बघू शकणार नाही. आणि कॅमेरा घेताना बिल घ्या, सरकारी सुरक्षा चाचणीचं, म्हणजे एसटीक्यूसीचं, प्रमाणपत्र आहे का विचारा. ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेचे नियम सक्तीचे झालेत. बिनबिलाचा स्वस्त माल गिऱ्हाइकाच्या माथी मारलात तर नाव तुमचं जाईल.

खरंच चोरी झाली तर रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर फिरवू नका. एक तर व्हिडिओ दाबून लहान होतो, चेहरा जातो. दुसरं, मूळ फाइल महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली अशा रेकॉर्डिंगबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटांचा ठसा म्हणा ना, तोही लिहायचा असतो. कार्ड काढून बाजूला ठेवा किंवा रेकॉर्डरवरून पेनड्राइव्हवर तशीच घ्या, आणि पोलीस सांगतील तसं करा. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे ना, हे मात्र आजच बघा. दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ नंतर फार त्रास देतं.

लालबागच्या दुकानात आता गल्ल्यावर छतातून खाली बघणारा एक स्थिर कॅमेरा आहे, चोवीस तास रेकॉर्डिंग. फिरणारा काढून मागच्या दाराला लावलाय, जिथे तेलाचे डबे आणि पोती असतात. रात्री अकरा ते सकाळी सहा ट्रॅकिंग, बाकी वेळ गप्प. वडील गल्ल्यातून पैसे काढताना आता वर कॅमेऱ्याकडे बघून नोटा मोजून दाखवतात.

पुढच्या व्हिडिओत चार कॅमेऱ्यांचं कोटेशन कसं लिहायचं ते ओळीओळीने दाखवतो. तोपर्यंत आपापल्या दुकानात शटर ओढून एकदा चालून बघा आणि कुठे सुटलात ते कळवा.